डायलिसिसच्या फाइलवर झोपेचाही रकाना हवा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सप्रेम नमस्कार.

माझे वडील सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणायचे. रात्रपाळी करून आले की पाठ टेकताच झोपायचे. आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस होतं आणि घरी रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. अंगाला खाज सुटते, पोटऱ्यांत गोळे येतात, पाय एका जागी ठरत नाहीत. त्यात आमचा उन्हाळा, आणि पाणी मोजून प्यायचं! घशाला कोरड पडली की उठून बसतात. आई पाय चेपत राहते.

महात्मा फुले योजनेमुळे खर्च भागतो, त्याबद्दल मनापासून आभार. पण आम्ही जातो तिथे वजन, बीपी सगळं लिहितात. झोप लागते का, हे आजवर कुणी विचारलं नाही. झोपेची गोळीही मनाने देता येत नाही, कारण काही औषधं मूत्रपिंड बंद पडल्यावर अंगात साचतात.

तैवानमधल्या डायलिसिसच्या ९८ रुग्णांवरचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. अ‍ॅक्युप्रेशर घेणाऱ्यांची झोप, ते न घेणाऱ्यांपेक्षा सुधारली होती. मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूची जागा, तळपायाचा खळगा, आतल्या घोट्याच्या चार बोटं वर, अशा ठिकाणी हलका दाब देतात. असे अभ्यास लहान आहेत, हे मी जाणते. खऱ्या बिंदूचा गुण किती आणि मायेच्या हाताचा किती, हेही तपासायला हवं. म्हणूनच ही विनंती: आमच्या सिव्हिल हॉस्पिटलला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे, तिथेच याची रीतसर चाचणी घ्या. खर्च फार नाही. रुग्ण चार तास खाटेवरच असतो.

काळजी मात्र हवी. डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, म्हणजे फिस्टुला, ज्या हातात असते त्या हाताला दाब नको. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात, त्यामुळे जोराने दाबलं तर काळंनिळं पडतं. मधुमेहाने बधिर झालेल्या किंवा जखम असलेल्या पायाला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं. हे सगळं सिस्टरनी नातेवाइकांना करून दाखवावं आणि माहितीपत्रक मराठीबरोबर तेलुगू, कन्नडमध्येही असावं. आमच्या वॉर्डात तिन्ही भाषा चालतात.

झोपेचा रकाना मात्र चाचणीसाठी अडवू नका, तो उद्याच सुरू करता येईल. त्यात काय लिहायचं, ते वडिलांनी सांगून ठेवलंय: "दोन तास, तेही तुकड्यातुकड्यांनी."

कळावे,
एका विणकराची मुलगी, सोलापूर