हलकी पुली बसवण्याआधी जुनी पुली नीट पाहावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या सोसायटीतील एका तरुणाने दिवाळीच्या सुमारास आपल्या पेट्रोल गाडीच्या इंजिनावरची मूळ क्रँक पुली, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या (क्रँकशाफ्टच्या) टोकावरचे पट्टा फिरवणारे चाक, काढून तिच्या जागी ॲल्युमिनियमची रंगीत, हलकी पुली बसवून घेतली. पिकअप वाढेल आणि मायलेजही सुधारेल, असे त्याला सांगण्यात आले होते. तीन महिन्यांनी सिग्नलला थांबल्यावर बॅटरीचा लाल दिवा मिणमिणू लागला, म्हणून तो गाडी दाखवायला माझ्याकडे आला. मी चिंचवडच्या एका कारखान्यात इंजिन चाचणी विभागात सव्वीस वर्षे काम केले आहे. काढलेली मूळ पुली त्याने सुदैवाने डिकीत पिशवीत ठेवली होती. ती हातात घेतल्याबरोबर लोखंडाच्या आतल्या आणि बाहेरच्या भागांमध्ये बसवलेले काळे रबराचे कडे दिसले, आणि बॅटरीच्या दिव्यापेक्षा त्या कड्याचीच मला अधिक काळजी वाटली. त्याच्यासारखीच विचारणा आणखी काही मुलांनी केल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

प्रथम फायद्याचा हिशेब पाहू. मूळ पुली २ किलोंची, हलकी पुली ७०० ग्रॅमची आणि दोन्हींची त्रिज्या ७ सेंटिमीटर धरली, तर फिरत्या वस्तुमानाच्या जडत्वात पडणारा फरक सुमारे ०.००३ किलोग्रॅम-मीटर² इतका येतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिन चाकाच्या साधारण १३ पट वेगाने फिरते आणि चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर असते, असे मानल्यास हा फरक गाडी सहा किलोंनी हलकी होण्याइतका भरतो. वरच्या गिअरमध्ये, जिथे हे गुणोत्तर तीनच्या आसपास असते, तो जेमतेम ३०० ग्रॅमवर येतो. म्हणजे हजार किलोंच्या गाडीच्या डिकीतून सहा लिटर पाण्याची कॅन उतरवून ठेवली, तर पहिल्या गिअरमध्ये तितकाच लाभ होतो आणि पुढच्या गिअरमध्ये त्याहून जास्त. न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमची सुई किंचित चटकन चढते हे खरे, पण रस्ता न्यूट्रलमध्ये कापायचा नसतो.

रोलरवर घेतलेल्या चाचणीत हॉर्सपॉवर वाढल्याचा कागद दाखवला जातो, त्याचाही उलगडा यातच आहे. त्या यंत्रावर गाडीचा वेग वाढत असताना शक्ती मोजली जाते. इंजिनाचे स्वतःचे फिरते भाग हलके असले, की त्यांना वेग देण्यात खर्च होणारी शक्ती वाचते आणि तेवढी चाकांवर दिसते. एक्सप्रेस वेवर स्थिर वेगाने जाताना ही बचत शून्य असते, त्यामुळे तिथे मायलेज वाढण्याचे कारणच उरत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि केवळ इथल्या विरळ हवेमुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची पाच टक्क्यांच्या आसपास शक्ती कमी होते. तरी मुंबईहून आलेल्या पाहुण्याला ते सहसा जाणवत नाही; मग पुलीची एवढीशी बचत कशी जाणवणार?

बॅटरीच्या दिव्याचे कारण निराळे होते. त्याची नवी पुली नुसती हलकी नव्हती, तर व्यासानेही लहान होती. अशा पुलीमुळे पट्ट्यावर चालणारी सर्व उपकरणे, म्हणजे अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र), वॉटर पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर, मूळ रचनेपेक्षा हळू फिरतात. उपकरणांवर खर्च होणारी थोडी शक्ती यातून खरोखर वाचते, हे मान्य केले पाहिजे. मात्र ही बचत शर्यतीच्या गाडीला मानवते, कारण तिचे इंजिन सतत वरच्या आरपीएमवर असते. पावसाळ्यातल्या रात्री सिंहगड रस्त्यावर हेडलाइट, वायपर, एसी आणि रेडिएटरचा पंखा एकाच वेळी चालू असतात आणि इंजिन आयडलवर असते. तेव्हा अल्टरनेटर पुरा पडत नाही आणि उरलेली गरज बॅटरी भागवते. एप्रिलमध्ये कात्रज घाटात वाहनांच्या रांगेत सरकताना वॉटर पंप हळू फिरणे तर त्याहून धोक्याचे आहे. शिवाय आता बहुतेक छोट्या गाड्यांचे पॉवर स्टिअरिंग विजेवर चालते, त्याचा पंप पट्ट्यावर नसतोच. त्यामुळे जुन्या गाड्यांत जितके वाचत असे तितकेही आता वाचत नाही.

आता रबराच्या कड्याविषयी. सिलिंडरमध्ये ज्वलन होते, तेव्हा क्रँकशाफ्टला प्रत्येक वेळी झटका बसून तो किंचित पिळला जातो आणि लगेच उलट उसळतो. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला असे झटके सेकंदाला शंभर बसतात. त्यांची किंवा त्यांच्या पटीतली लय क्रँकशाफ्टच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली, की पीळ वाढत जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी सहा सिलिंडरच्या लांब क्रँकशाफ्टांनी अभियंत्यांना याच कारणाने जेरीस आणले होते आणि त्यातूनच कंपनशामक, म्हणजे डॅम्पर, अस्तित्वात आला. पुलीचे बाहेरचे जड कडे रबरावर तरंगते, क्रँकशाफ्टच्या पिळाला विरोध करते आणि ती ऊर्जा रबरात उष्णतेच्या रूपाने जिरते. तेव्हा ते वजन वायफळ नसून त्या इंजिनासाठी मोजूनमापून ठेवलेले असते. ते काढल्यावर होणारे नुकसान सीटवर बसून कळत नाही, आणि हाच त्यातला मोठा धोका आहे. पिळाची ही कंपने गाडीच्या सांगाड्यापर्यंत फारशी पोहोचतच नाहीत. क्रँकशाफ्टच्या टोकावरचा बोल्ट सैल होणे, त्याच टोकावर चालणाऱ्या ऑइल पंपाचे दाते तुटणे किंवा क्रँकशाफ्टला तडा जाणे, अशा रूपांत ती प्रकट होतात, आणि तोवर हजारो किलोमीटर होऊन गेलेले असतात.

सर्वच इंजिनांना हे लागू नाही. काही इंजिनांवर कारखान्यातूनच रबर नसलेली, एकसंध पुली येते. अशा गाडीत त्याच व्यासाची, नीट संतुलित केलेली हलकी पुली बसवल्यास मोठा अपाय होण्याची भीती कमी. शर्यतीसाठी तयार केलेल्या आणि दर काही शर्यतींनंतर उघडून तपासल्या जाणाऱ्या इंजिनात तर तिला निश्चित स्थान आहे. परंतु रोज हडपसर ते हिंजवडी जाणाऱ्या, पाच वर्षांचे हप्ते चालू असलेल्या गाडीसाठी हा खर्च मला कोणत्याही हिशेबात योग्य वाटत नाही. तेवढ्याच पैशांत चांगले टायर किंवा ब्रेक पॅड घेतले, तर फरक पहिल्याच वळणावर कळेल. गाडी जुनी असेल, तर मूळ पुलीचे रबर भेगाळले आहे का, हे जरूर पाहावे आणि बदलायची वेळ आली, तर डॅम्पर असलेलीच पुली घ्यावी.

त्या तरुणाच्या गाडीला आम्ही मूळ पुली परत बसवली. काही इंजिनांत हा बोल्ट एकदाच वापरायचा असतो आणि त्याच्या घट्टपणावरच टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचा मेळ, टिकून असते, म्हणून बोल्ट नवा घेतला. दिवा पुन्हा लागलेला नाही. ज्या दुकानातून त्याने हलकी पुली घेतली, तिथे त्याला कोणी फसवले असे मी म्हणणार नाही; मूळ पुलीत डॅम्पर आहे, हे तिथेही कोणाला ठाऊक नसावे. परंतु ज्या शहरात १९६६ पासून एआरएआयसारखी वाहनचाचणी संस्था आहे आणि ज्याच्या आसपास इंजिने तयार होतात, तिथे हे अज्ञान खपवून घेण्याजोगे नाही. दुकानदारांना माझी विनंती आहे की, मूळ पुली काढल्यावर ती ग्राहकाच्या हातात द्यावी, तिच्यात रबराचे कडे असल्यास त्याला तिथल्या तिथे दाखवावे, आणि नव्या पुलीत डॅम्पर आहे की नाही, हे बिलावर स्पष्ट लिहावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियंता,
कोथरूड, पुणे