हाडांच्या स्कॅनला पेटच कशाला?

मा. संपादक,

हल्ली कॅन्सरच्या पेशंटचे नातेवाईक सरळ पेट स्कॅनच (PET, किरणोत्सारी द्रव्य टोचून काढतात तो एक महागडा स्कॅन) मागतात, महाग ते चांगलं असं डोक्यात बसलंय, पण हाडांत गाठ पसरलीय का हे बघायला टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी द्रव्याचा साधा बोन स्कॅन अजूनही खूप कामाचा आहे हे त्यांना कुणी सांगतच नाही. टेक्नेशियम ६ तासांत निम्मं होतं, पण ते जनरेटर नावाच्या उपकरणातून मिळतं, आत मॉलिब्डेनम-९९ असतं, त्यातून टेक्नेशियम तयार होत राहतं आणि मॉलिब्डेनम निम्मं व्हायला ६६ तास लागतात, त्यामुळे एक जनरेटर आला की साधारण आठवडाभर हॉस्पिटलातच रोज ताजं टेक्नेशियम काढता येतं. जिल्ह्याच्या ठिकाणी हे केवढं मोठं आहे!

पेटमध्ये बहुतेकदा वापरतात त्या फ्लोरिन-१८ चं तसं नाही, ११० मिनिटांत निम्मं, ते बनवणाऱ्या सायक्लोट्रॉन यंत्रापासून गाडी वेळेत पोचलीच पाहिजे. आता फ्लोरिन-१८ असलेल्या सोडियम फ्लोराइडच्या पेटमध्ये हाडांचं चित्र जास्त स्पष्ट येतं हे मान्य. पण नेहमीचा पेट म्हणजे एफडीजी (फ्लोरिन-१८ जोडलेली ग्लुकोजसारखी साखर), ते जास्त ग्लुकोज खाणाऱ्या पेशींत जमतं, प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा कमी पडतं, तिथे गॅलियम-६८ पीएसएमए (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींना चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य) लागतं. म्हणजे पेट पेट म्हणतो ते सगळं एक नाहीच.

माझी कळकळीची विनंती आहे, डॉक्टरांनी आणि सेंटरवाल्यांनी स्कॅन लिहून देताना कुठला ट्रेसर (म्हणजे टोचायचं किरणोत्सारी द्रव्य) आणि तोच का हे दोन वाक्यांत मराठीत सांगावं, पैसे भरायच्या आधी.

– एक वाचक, नाशिक