पुण्याची सहल पुण्यातच

सुट्टीतील सहलींविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यात लोणावळा, महाबळेश्वर, कोकण सारे आहे. पुणे शहर मात्र नाही. ही उणीव खटकली.

जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर हे साधारण आठव्या शतकातले, राष्ट्रकूट काळातले लेणे. अंगणातला गोलाकार नंदीमंडपही खडकातच कोरलेला. समोरून रोज जाणाऱ्यांपैकी कितीजण कधी आत वळले असतील? राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये एका फेरीत पाहून होत नाहीत. एका पित्याने आयुष्यभर वस्तू जमवून तो संग्रह आपल्या दिवंगत मुलाच्या नावे केला, हे मुलांना तिथे नेऊनच सांगावे. आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई देसाई (१९४२) आणि कस्तुरबा (१९४४) यांचे स्थानबद्धतेत निधन झाले. दोघांच्या समाध्या तिथेच आहेत. शाळेची सहल एकदा झाली की पुणेकर पुन्हा तिकडे फिरकत नाही, याचे वाईट वाटते.

सलग सुट्ट्यांत द्रुतगती मार्गावर तासन्‌तास अडकणाऱ्या कुटुंबांना हा पर्याय कोणीतरी सुचवायला हवा. पीएमपीची ‘पुणे दर्शन’ बस आहे, पण ती पाहुण्यांसाठीच, असा आपला समज. आपल्या पुरवणीने दर आठवड्याला शहरातील एका ठिकाणाची वेळ, प्रवेशशुल्क आणि बसमार्गासह माहिती द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे