राग आला असेल तर रक्त द्या, पण सगळे एकाच दिवशी नका देऊ

लेआउटमधल्या सगळ्या काका-काकू, भाऊ, ताई अन् पोरापोरींनो, नमस्कार. मंडळाच्या वतीनं लिहून राहिलो. थोडं लांब होईल पण पूर्ण वाचा, अर्ध्यात सोडलं तर हे लोक परत वर्गणी मागून राहिले एवढंच समजेल.

२२ एप्रिल २०२५ ला काश्मीरमधल्या पहलगामला जो दहशतवादी हल्ला झाला तो सांगायची गरज नाही, टीव्हीवर पाहून पाहून सगळ्यांना पाठ झालं आहे. २६ माणसं गेली. त्यातली सहा आपल्या महाराष्ट्राची, डोंबिवलीचे तिघं, पुण्याचे दोघं, पनवेलचे एक. आपल्या नागपूरचं एक कुटुंब तिथून कसाबसा जीव वाचवून आलं. नाव-धर्म विचारून गोळ्या घातल्या असं वाचलेल्या लोकांनी सांगितलं आणि तेव्हापासून दूध आणायला जा की बागेत फिरायला जा, दुसरा विषयच नाही. आणि हे दूरचं वाटतच नाही ना, कारण इथं ४४-४५ वर पारा गेला की अर्धं नागपूर थंड हवेकडे पळतं, आपल्याच लेआउटमधल्या काही घरांचं मे महिन्यातलं काश्मीरचं बुकिंग होतं, ते आता कॅन्सल करून रिफंडच्या मागे लागले आहेत. जिथं हल्ला झाला त्या बैसरनच्या कुरणापर्यंत गाडी जात नाही, पहलगामहून घोड्यावर नाहीतर पायीच जावं लागतं. मागच्या गल्लीतल्या एक काकू मागच्या वर्षी तिथं जाऊन आल्या, त्या मोबाइलमधले घोड्यावरचे फोटो दाखवून सारख्या म्हणत होत्या, "बाप्पा, याच कुंपणापाशी बसून आम्ही मॅगी खाल्ली होती." आता त्या हवामान सोडून बातम्याच लावत नाहीत.

तर मंडळानं काय केलं. संविधान चौकापर्यंत कॅण्डल मार्च झाला, बरेच जण आले, चांगलं झालं. मग फ्लेक्सचा विषय निघाला. डिझाइन आलं तर वर श्रद्धांजली बारीक अक्षरात अन् खाली आमच्या पदाधिकाऱ्यांचे हात जोडलेले मोठे मोठे फोटो, म्हणजे वाढदिवस आहे की दुखवटा तेच कळेना. ते रद्द केलं, ज्यांना वाईट वाटलं त्यांना वाटू द्या.

नंतर कोणीतरी म्हणालं, पैसे गोळा करून त्या सहा घरांना पाठवू. भावना बरोबर आहे, पण काल २९ तारखेला राज्याच्या मंत्रिमंडळानं त्या प्रत्येक कुटुंबाला ५० लाख अन् सरकारी नोकरी द्यायचं ठरवलंय, आपण त्यांच्या नावानं डबा फिरवायचं काम नाही. आणि हो, सैन्याच्या आधुनिकीकरणासाठी सरकारनं खातं उघडलं, रोज एक रुपया टाका असा जो मेसेज फिरून राहिला, तो दिशाभूल करणारा आहे असं सरकारनंच सांगितलंय, तो पुढे ढकलू नका. पहलगामच्या नावानं कोणी क्यूआर कोड घेऊन दारात आलं तर स्कॅन करायच्या आधी मंडळाला विचारा.

राहिली आपली पोरं. त्यांचं म्हणणं, आपण रक्त देऊ, सगळे मिळून एका दिवसात रेकॉर्ड करू. त्यांना घेऊन रक्तपेढीत गेलो, तर तिथल्या ताईंनी शांतपणे विचारलं, एका दिवसात दोनशे पिशव्या आणून दिल्या तर पुढच्या महिन्यात कोण देणार? रक्ताला एक्सपायरी असते, हे आमच्यातल्या निम्म्यांच्या लक्षातच नव्हतं. लाल पेशी फार तर ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर जेमतेम पाच दिवस. अमेरिकेत २००१ च्या हल्ल्यानंतर लोकांनी रांगा लावून इतकं रक्त दिलं की पुष्कळसं शेवटी फेकून द्यावं लागलं. एक माणूस एकदा देऊन आला की पुरुष असेल तर तीन महिने अन् बाई असेल तर चार महिने परत देऊ शकत नाही, म्हणजे सगळे रागाच्या भरात एकदमच मोकळे झाले तर अख्खा जून-जुलै कोरडा.

आणि गरज इथंच आहे हो. आपल्या विदर्भात सिकलसेल किती आहे तुम्हाला माहीत आहे, थॅलेसेमियाची पोरं वेगळीच, त्यांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं, सुट्टी नाही. या पेशंटना रक्त मोफत द्यायचा नियम आहे, पण नियमानं पिशवी भरत नाही ना. मेडिकल, मेयो, डागा या आपल्या सरकारी दवाखान्यांत बाळंतपणं अन् अपघात काही उन्हाळा पाहून थांबत नाहीत. उलट मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद, देणारे गावी नाहीतर लग्नात, उन्हानं कोणी घराबाहेर पडत नाही. टंचाई नेमकी तेव्हाच. दवाखान्याबाहेर चिठ्ठी घेऊन "ओ निगेटिव्ह कोणाचं आहे का" विचारत फिरणारा बाप ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको.

म्हणून एका दिवसाचा धडाका नाही. ४ मे, १८ मे, १ जून अन् १५ जून असे चार रविवार धरले आहेत, आपल्या समाजभवनात, सकाळी ८ ते १२. १ जून नवतपात, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत येतो, त्या दिवशी ७ लाच सुरू करू. गर्दी नको आहे, दर वेळी थोडे थोडे पण नक्की येणारे पाहिजेत. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबारा, ते तिथंच तपासतात. उपाशी येऊ नका, पोहे खाऊन या (तर्री जरा कमी), आदल्या दिवशी पाणी भरपूर प्या, रात्रीची झोप नीट घ्या. ज्यांनी वर्षभरात टॅटू काढला किंवा अँटिबायोटिक चालू आहे त्यांनी आधी डॉक्टरला सांगा, लपवू नका. शुगर-बीपीवाले काका लोकांनी उगाच जिद्द करू नका, तुम्हाला दुसरं काम आहे.

ते काम पैशाचं. सुया-पिशव्या रक्तपेढी आणते, पण मंडप, दोन मोठे कूलर, ताक, केळी, राजगिऱ्याचे लाडू, बेडशीटची धुलाई हे आपल्याकडे. चारही रविवार मिळून २५ हजारांच्या आत बसवतो. फ्लेक्सचे वाचलेले यातच टाकलेत. १०० द्या, ५०० द्या, पावती घेतल्याशिवाय देऊ नका, अन् १५ जूननंतर पैन् पैचा हिशोब समाजभवनाच्या बोर्डावर लागेल. पैसे नसतील तर ज्यांच्याकडे म्हैस आहे त्यांनी ताक द्या, तेही चालते.

आता एक नाजूक विषय, पण बोलावं लागेल. हिवाळ्यात सायकलवर शालींचं गाठोडं घेऊन काश्मीरचे लोक आपल्याकडे येतात, इथल्या कॉलेजात तिकडची पोरं शिकतात. गेल्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर त्यांच्याबद्दल जे लिहिल्या गेलं ते बरोबर नव्हतं. त्या दिवशी मेलेल्या २६ मध्ये तिथला एक घोडेवालाही आहे, पर्यटकांना वाचवायला गेला अन् गेला. दुसऱ्या दिवशी तिथल्या लोकांनी स्वतः दुकानं बंद ठेवून निषेध केला, टॅक्सीवाल्यांनी अडकलेल्या लोकांना फुकट सोडलं. मार्चमध्ये आपल्याच नागपुरात महालात दंगल झाली अन् किती दिवस संचारबंदी सोसली ते आपण विसरलो नाही. राग करा, पूर्ण करा, ज्यांनी गोळ्या घातल्या त्यांचा करा. शिबिराला जो येईल त्याला कोणीही नाव-गाव विचारून टोकणार नाही, फॉर्मवर जेवढं लागतं तेवढंच. हा मंडळाचा ठराव आहे, माझं एकट्याचं मत नाही.

नावं नोंदवायची वही समाजभवनात ठेवली आहे, रोज संध्याकाळी ७ ते ९ कोणी ना कोणी बसलेलं असतं. कोणत्या रविवारी येणार ते नावासमोर लिहा, अन् नुसतं "येतो" लिहून गायब होऊ नका, त्याच भरवशावर रक्तपेढीवाले गाडी पाठवतात. ४ तारखेसाठी लांब वायरचे दोन एक्स्टेन्शन बोर्ड अन् एक स्ट्रॉंग टेबल कमी पडून राहिलंय, ज्यांच्या घरी असेल त्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत आणून द्या, वस्तूच्या मागच्या बाजूला नाव लिहून द्या म्हणजे परत करताना भांडण नको.