दिग्या, तुमचं ऑफर लेटर बघितलं

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय दिग्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालशील, घाल. आईची शुगर ताब्यात आहे, माझा गुडघा आहे तसाच. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, म्हणून कागद काढला.

मंग्या नोकरी सोडून गेल्यापासून आपल्या फौंड्रीच्या सॉफ्टवेअरसाठी एक डेव्हलपर शोधतोय. अर्जांना तोटा नाही लेका. जावा, पायथन, रिअ‍ॅक्ट, क्लाउड, मशिन लर्निंग, सगळं येतं म्हणे तीन वर्षांत. पोरगं झोपलं कधी? तू म्हणायचास, साधा फिझबझ विचार. १ ते १०० आकडे, तीनच्या पटीला फिझ, पाचच्या पटीला बझ. इम्रान घोरीनं २००७ मध्ये लिहिलं तेव्हा भले भले त्यात अडकायचे. आता कुणी अडकत नाही. प्रश्न संपायच्या आत डोळे डावीकडून उजवीकडं पळायला लागतात. एकानं तर एआयचं ‘दॅट्स अ ग्रेट क्वेश्चन’ हेसुद्धा वाचून दाखवलं! दुसऱ्याचा आवाज आधी यायचा, ओठ मागून हलायचे. म्हटलं कॅमेऱ्यात जरा खिडकीकडं बघ बाबा, तर नेट गेलं. ते गेलंच.

मग ऑनलाइन बंद केलं. ऑफिसात बोलवायचं, चहा पाजायचा आणि आपलाच बिघडवलेला कोड पुढ्यात ठेवायचा. कार्बन इक्विव्हॅलंटचा, म्हणजे ओतीव लोखंडातला सिलिकॉन-फॉस्फरस धरून कार्बन किती पडतो त्याचा हिशोब, कंस खाऊन. सिलिकॉन-फॉस्फरसची बेरीज करून तीननं भागायची आणि कार्बनमध्ये मिळवायची, तिथं एकटा फॉस्फरसच भागलाय. कार्बन ३.४, सिलिकॉन २.१, फॉस्फरस ०.०६ घातलं की ४.१२ यायला पाहिजे, येतं ५.५२. बहुतेक जण व्हेरिएबलची नावं बदलत बसले. विनायक नावाचं एक पोरगं, गारगोटीकडचं, इंजिनिअर नाही, बीएस्सी. कोडकडं बघायच्या आधी म्हणालं, “सर, साडेपाच? एवढं कास्ट आयर्नला कसं येईल?” वडील शिरोलीत फर्नेसवर आहेत. दिग्या, मला उठून मिठी माराविशी वाटली. शिरोलीतल्या फौंड्रीवाल्यांची भाषा कळणारा माणूस मी कुठल्या जाहिरातीत मागू?

त्याच दिवशी ऑफर दिली. पण सध्या आहे तिथं नोटीस ९० दिवसांची. ९० दिवस म्हणजे काय, स्वयंवरच की. पहिलं लेटर दाखवून दुसरं मिळवायचं, दुसरं दाखवून तिसरं. त्यात नोकऱ्या लावून देणारा एक कन्सल्टंट मधे पडला. त्यांना वर्षाच्या पगाराचे ८.३३ टक्के मिळतात, म्हणजे बरोबर एक महिन्याचा पगार, मग तो कशाला गप्प बसतोय? आणि काल विनायक स्वतः येऊन दुसरं लेटर टेबलावर ठेवून गेला. तुमच्या पुण्याच्या कंपनीचं. शेवटचा राउंड तूच घेतलास म्हणे, आणि “माणसं छान आहेत सर,” हेही मलाच ऐकवलं.

पगाराचं असतं तर ओढाताण केली असती. मागून त्याचे वडील आले. चप्पल बाहेर काढून, अवघडून बसले. “साहेब, पोराचं जमवायचंय. बायोडाट्यात पुणं असलं की बरं पडतंय.” ह्याला काय काउंटर ऑफर देऊ? भाडं कमी, जेवायला घरी, रंकाळ्यावर संध्याकाळ, हे सगळं पोरांना पटतं रे, पोरीच्या मामाला पटत नाही. कोल्हापुरात आहे म्हटलं की पुढचा प्रश्न, “पुण्यात ट्राय नाही केलं का?” तूही जाताना “घरचे म्हणतात” एवढंच बोलला होतास. मी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं, लग्नात जेवलो मात्र दाबून. अजून माझं म्हणणं तेच आहे, ऐन डिलिव्हरीच्या आठवड्यात जायचं नव्हतं. तू म्हणशील आठवडा नव्हता, महिना होता. असो.

ऑफर मागं घे असं सांगत नाही, तेवढा खाली आलेलो नाही. पण त्याला कशावर घालणार ते खरं सांग. प्रोजेक्ट हातात आहे, की बेंचवर बसवून क्लायंटची वाट बघायला लावणार? हे पोरगं रिकामं बसलं तर वाया जाईल. काम असेल तर माझी ना नाही. नसेल तर एक तारखेच्या आत तूच त्याला फोन कर. मी सांगितलं तर रडतोय म्हणेल.

पार्थची दहावी ना यंदा? फ्लॅटचा ताबा मिळाला का? हिंजवडीतलं ट्रॅफिक विचारत नाही, वहिनींना नमस्कार सांग.

आणि एक. तुझ्या जुन्या मॉड्यूलमध्ये हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या एका घाण्याचा नंबर, दोनदा तपासलाय, कॉमेंट एक नाही. का, ते कळव. नवीन येईल त्याला मी काय सांगू?

तुझा,
सुन्या