माऊसला हात न लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

प्रबंध जमा झाला, व्हायवा झाली, तरी स्टॅटिस्टिक्स समजावून दिल्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. समोर आलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

तुमच्याकडे यायच्या आधी मी कुठे कुठे फिरले ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. गुडघेदुखीच्या पेशंटांच्या व्यायामाआधीच्या आणि नंतरच्या वेदनेच्या नोंदी माझ्याकडे होत्या. गाईड म्हणाले, "ते स्टॅटिस्टिक्सवाले बघतात, तू कशाला डोकं लावतेस?" स्टॅटिस्टिक्सवाले म्हणजे पैसे घेऊन एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर चालवून देणारे एक गृहस्थ. आधीचे आकडे हा एक गट, नंतरचे दुसरा, असं धरून त्यांनी टी-टेस्ट, म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी, ठोकली. पी, म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.०५ च्या वर गेला, म्हणजे फरक सिद्ध झाला नाही. तर म्हणाले, "काळजी नको, खाली आणतो. दोन-चार आकडे इकडचे तिकडे." त्याचे पैसे वेगळे! असे किती प्रबंध पास होत असतील, देव जाणे.

तुम्ही माझी एक्सेल शीट उघडलीच नाहीत. "तुझं नंतर. आधी या दहा जणांच्या झोपेची चौकशी करू," म्हणालात आणि आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमधला 'स्लीप' डेटा काढायला लावलात. दहा माणसं, झोपेची दोन औषधं, दोन्ही प्रत्येकाने घेतलेली. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरी करणाऱ्या गॉसेटने १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिलेल्या लेखातले हे आकडे. एका औषधाने झोप सरासरी ०.७५ तास वाढलेली, दुसऱ्याने २.३३. वेगवेगळे गट धरले तर पी ०.०७९. मग तुम्ही आलेखाचा कागद पुढे सरकवलात आणि प्रत्येक माणसाचे दोन ठिपके पेन्सिलने जोडायला सांगितलेत. नऊ रेषा वर चढल्या, पाचव्या माणसाची तेवढी आडवी राहिली. जोड्या लावून टेस्ट केली, तर त्याच वीस आकड्यांचा पी ०.००२८! त्या गृहस्थांनी माझ्या पेशंटांच्या आधी-नंतरच्या जोड्या कशा तोडल्या होत्या, ते तिथेच कळलं.

या सगळ्यात तुम्ही माऊसला एकदाही हात लावला नाहीत. मी कंस विसरायचे, लाल अक्षरांत एरर यायची, बाहेर तुमच्या पुढच्या तासाची मुलं ताटकळत असायची. तुम्ही हात मांडीवर ठेवून एवढंच म्हणायचात, "वाच, काय म्हणतोय तो." मला सर्वांत जास्त आठवतं ते हेच. हुशार माणसं खूप भेटली, पण बहुतेकांनी 'बाजूला सर, बघू' म्हणत कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

तीन व्यायामांच्या तुलनेत अनोव्हाचा, म्हणजे सगळ्या गटांच्या सरासऱ्या एकदम तपासणाऱ्या चाचणीचा, पी छान आला, तेव्हा मी नाचायच्याच बेतात होते. "फरक आहे. पण कुणात आणि कुणात?" असं तुम्ही विचारलंत. टुकी टेस्ट लावून एकेका गटाची दुसऱ्याशी तुलना केली, तर माझ्या लाडक्या व्यायामाचा नेहमीच्या व्यायामाशी फरक काही सिद्ध होईना. माझं तोंड पडलं. "मग तसंच लिही. पेशंटशी खोटं बोलशील का?" तसंच लिहिलं. परीक्षक नेमके त्याच तक्त्यावर थांबले आणि चक्क खूश झाले.

प्रबंधात तुमचे आभार मानू का, असं विचारलं तर म्हणालात, "गाईडचे मान, ते मानावेच लागतात."

मानले. अर्ध्या ओळीत.

तुमची विद्यार्थिनी