पट्टीवरची फिकट रेघ : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका निवासी पुनर्वसन केंद्रानं स्किझोफ्रेनियाच्या एका मुलाला रातोरात घरी धाडलं. लघवीतली नशा तपासायच्या पट्टीवर म्हणे 'मेथाडोन', म्हणजे अफूच्या जातीचं एक औषध, सापडलं. साहेब, आपल्या गल्लीबोळात मेथाडोन विकतं कोण? गांजा मिळतो, एमडी (मेफेड्रोन) मिळते, मालेगावात नशेची 'कुत्ता गोळी' मिळते. या मुलाला केंद्रातूनच रोज रात्री क्वेटियापिन हे त्याच्या आजारावरचं औषध दिलं जायचं, आणि तपासणीच्या काही संचांवर क्वेटियापिन मेथाडोन म्हणून उमटतं. गोळी त्यांची, पट्टी त्यांची, शिक्षा पोराला.

ती पट्टी वाचायची कशी, हे तरी कुणी शिकवलंय का? सी (कंट्रोल) आणि टी (टेस्ट), दोन्हीकडे रेघ उमटली तर निगेटिव्ह. टीची रेघ कितीही फिकट असो, निगेटिव्हच. ती अजिबात उमटली नाही तर पॉझिटिव्ह. गरोदरपणाच्या पट्टीच्या बरोबर उलट! वॉर्डातल्या मावशींपासून नवख्या सिस्टरपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात ती दुसरीच पट्टी बसलेली. त्यात पाच मिनिटांनी वाचायची पट्टी चहा पिऊन आल्यावर वाचली, की आनंदच.

कॅज्युअल्टीत तर कहरच. पेशंट आवरत नाही म्हणून शांत करायला हॅलोपेरिडॉलबरोबर प्रोमेथाझिन टोचायचं, नंतर लघवी घ्यायची आणि केसपेपरवर 'ॲम्फेटामिन (उत्तेजक नशा) पॉझिटिव्ह' लिहून मोकळं व्हायचं. प्रोमेथाझिनमुळेही तसं दिसू शकतं, हे फॉर्मवर कुठं लिहायचं? चालू औषधांचा रकानाच नाही.

लिथियम या मनोविकारावरच्या औषधानं तहान वाढते, पेशंट घटाघटा पाणी पितो. लघवी पातळ होते, तिचा दाटपणा सांगणारं क्रिएटिनिन २० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली जातं, आणि शेरा पडतो : 'पाणी मिसळले'. मनोविकाराच्या औषधांचे दुष्परिणाम आवरायला देतात त्या ट्रायहेक्सिफेनिडिलनं लघवी अडते. दारात वॉर्डातले मामा उभे, आत पेशंट डबी धरून घामाघूम. पंधरा मिनिटांनी नोंद : 'नमुना देण्यास नकार'.

उलटी बाजूही ऐका. अफूच्या साध्या पट्टीवर ट्रामाडोल ही नशेसाठी वापरली जाणारी वेदनाशामक गोळी दिसत नाही. क्लोनाझेपाम ही झोपेची-शांत करणारी गोळी तिच्याच जातीच्या (बेन्झोडायझेपिनच्या) पट्टीला सहज चकवते. एमडी म्हणजे मेफेड्रोन. २०१५ साली तुम्हीच, म्हणजे सरकारनं, ती एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत घातली. नेहमीच्या ॲम्फेटामिन पट्टीवर मात्र ती दिसेल याचा भरवसा नाही. म्हणजे जे इथं खपतं ते निसटतं आणि जे इथं मिळत नाही ते सापडतं. वर गांजा. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो सोडल्यावरही महिनाभर राहू शकतो. तरी एका पट्टीवरून 'काल ओढलास' म्हणून दम देतात, आणि आधीच आवाज ऐकू येणाऱ्या माणसाची उरलीसुरली खात्री जाते.

आमचं मागणं अवाढव्य नाही. पॉझिटिव्ह आलं की जीसी-एमएसनं, म्हणजे पदार्थ नेमका ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीनं, पडताळा, तोवर कुणाला बाहेर काढू नका. नमुना घेण्यापूर्वी औषधं लिहून घ्या. पेशंटला विचारा, त्याची संमती घ्या. चाचणी उपचारासाठी असते, झडतीसाठी नाही.

पण विचारणार कोण? मानसिक आरोग्य कायदा २०१७चा, २९ मे २०१८पासून लागू. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही आहेत. तरी मनोरुग्णालय म्हणतं व्यसनमुक्ती केंद्रात न्या, केंद्र म्हणतं हा वेडा आहे, मनोरुग्णालयात न्या. एकाचं खातं आरोग्य, दुसऱ्याचं सामाजिक न्याय. मध्ये रिक्षाचं मीटर आमचं. आईचं गळ्यातलं गेलं, बापाची नोकरी रजेपायी गेली, बहिणीच्या सोयरिकी मोडल्या, त्याची पट्टी कुठल्या कंपनीची? जिल्हे ३६ आणि जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं मोजून चार : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. बाकीच्यांनी १४४१६ला, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावावा. लघवी फोनवर तपासता येते का, तेवढं कळवा.

तूर्त एवढंच करा : त्या मुलाच्या केसपेपरवरची 'मेथाडोन' ही नोंद खोडायला सांगा. पेन लागलं तर आम्ही देतो.

आपले,
मनोरुग्णांचे काही नातेवाईक आणि लॅबमधली काही माणसं